कासवाला काय खाऊ घालावे?

काचेच्या पेटीत पोहणारे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव आज अनेक घरांत दिसते. मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणले जाते. सोबत वाळवलेल्या कोळंबीची डबी येते आणि पुढे महिनोन् महिने तेवढ्यावरच त्याची गुजराण होते. काही काळाने डोळे सुजतात, कवच मऊ पडते. कासव मुळातच सुस्त, असे समजून घरची मंडळी दुर्लक्ष करतात. वास्तविक हे बहुधा चुकीच्या आहाराचे दुखणे असते आणि ते टाळता येते. नीट सांभाळल्यास हे कासव २० ते ३० वर्षे जगते.

वयानुसार आहार

पिल्लांना वाढीसाठी प्रथिने अधिक लागतात. त्यांना कासवांसाठीचे तयार गोळीखाद्य, गांडुळे किंवा काट्यांसह बारीक मासे रोज थोडे द्यावेत. मोठे कासव मुख्यतः पाल्यावर राहते. त्याला पाला रोज द्यावा. गोळीखाद्य किंवा मासे आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरेत. जास्वंदीची पाने-फुले, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर व लाल भोपळा हे सहज मिळणारे पदार्थ आलटून पालटून द्यावेत. पालक क्वचितच द्यावा. त्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पाव, बिस्किटे, भात, दूध व खारट पदार्थ मुळीच देऊ नयेत.

हे कासव पाण्यातच घास गिळते, म्हणून खाद्य पाण्यात टाकावे. १०-१५ मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि उरलेले काढून टाकावे.

दोन महत्त्वाच्या उणिवा

'अ' जीवनसत्त्व कमी पडले की पापण्या सुजून डोळे मिटतात. दिसेनासे झाले की कासव खाणेच सोडते. अशा वेळी घरातील डोळ्यांचे थेंब घालू नयेत, पशुवैद्यांना दाखवावे. या जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक असल्याने औषध स्वतःच्या मनाने देऊ नये.

कॅल्शियम कमी पडल्यास कवच मऊ व वेडेवाकडे होते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात ठेवावा. कासव तो कुरतडते. परंतु नुसते कॅल्शियम पुरत नाही. ते शरीरात मुरण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते आणि त्यासाठी ऊन हवे. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग होत नाही. सकाळचे कोवळे ऊन अंगावर थेट पडू द्यावे. जवळ सावली व पाणी असावे. उन्हात काचेची पेटी ठेवल्यास आतील उष्म्याने कासव दगावू शकते.

घरच्यांची काळजी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब व ताप येतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यास बंदी आहे. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याची पेटी स्वयंपाकघरात धुऊ नये. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती कासव देऊ नये.

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव किंवा आपल्या नदी-तळ्यांतील कासवे पकडून पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. विकत आणलेले परदेशी कासवही कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नये. ते तेथील कासवांचे अन्न व जागा बळकावते. म्हणून पिल्लू घरी आणण्यापूर्वीच पुढच्या २० वर्षांचा विचार करावा.