अभिलेखांचे रुमाल आणि संगणकीय साठवणीतील क्षेत्रविभाजन

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात डोकावले, तर कापडी रुमालांत बांधलेली दप्तरे रचून ठेवलेली दिसतात. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या भागांतील जुन्या कागदांत उर्दू मजकूर पुष्कळ आढळतो. कक्षाची शिस्त मात्र साधी असते. मागणीपत्र आले की अभिलेखपालाने हवा तेवढाच रुमाल काढावयाचा, नोंदवहीत सही घ्यावयाची आणि तो हाती द्यावयाचा. मागणाऱ्याने स्वतः आत जाऊन फळ्या चाळावयाच्या नसतात.

आता हे अभिलेख संगणकावर आले आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, तर 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीद्वारे पिकाची नोंद स्वतःच करू लागला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. साहजिकच ही नोंद ज्या तबकडीवर आहे त्या तबकडीपर्यंत कोणते यंत्र पोहोचू शकते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही; पीककर्ज मागणाऱ्या औसा किंवा कंधार तालुक्यातील खातेदाराशीही त्याचा संबंध येतो.

मोठ्या संगणक केंद्रात प्रत्येक सर्व्हरला स्वतःची स्वतंत्र तबकडी देणे परवडत नाही. एकाची तबकडी रिकामी पडून राहते, तर दुसऱ्याची भरून वाहते. म्हणून शेकडो तबकड्या एका कपाटात एकत्र ठेवतात आणि सर्व्हर व कपाट यांना काचतंतूंच्या तारांनी, स्विच नावाच्या यंत्रामार्फत, जोडतात. यालाच साठवण-जाळे म्हणतात. यासाठी बहुधा वापरली जाणारी 'फायबर चॅनल' ही पद्धती 1994 मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली.

सोय मोठी आहे, तसा धोकाही मोठा आहे. सामान्य सर्व्हरला जी तबकडी दिसेल ती आपलीच, असे तो गृहीत धरतो. समजा, एकाच जाळ्यावर भूमी अभिलेखांचा सर्व्हर, वेतनाचा सर्व्हर आणि नव्या प्रणालीच्या चाचणीसाठी आणलेला तिसरा सर्व्हर आहे. बंधन काहीच नसेल, तर चाचणीच्या सर्व्हरला भूमी अभिलेखांची तबकडीही दिसेल. तिची मांडणी त्याच्या ओळखीची नसल्यास 'ही तबकडी नव्याने तयार करावयाची काय?' असे तो विचारील आणि घाईतील कर्मचारी 'होय' म्हणेल. यात चोराचा हात लागत नाही; नेमून दिलेले काम करणारा माणूसच पुरेसा होतो.

हे टाळण्याचा उपाय म्हणजे क्षेत्रविभाजन, अर्थात झोनिंग. स्विचमध्ये एक यादी ठेवली जाते. एका क्षेत्रात नोंदलेली यंत्रेच परस्परांना दिसतात. बाहेरच्या यंत्राने विचारणा केली तरी स्विच त्याला इतरांचे अस्तित्वच कळवीत नाही. चांगल्या स्विचमध्ये बंधन एवढ्यावर थांबत नाही. पत्ता आधीच ठाऊक असलेल्या यंत्राने थेट संदेश धाडला, तर तोही वाटेतच अडविला जातो. प्रत्येक क्षेत्रात एकच सर्व्हर आणि त्याला लागणारे कपाट एवढेच ठेवावे, असा संकेत अनुभवाने रूढ झाला आहे. दोन सर्व्हर एका क्षेत्रात कोंबले की एकाच्या बिघाडाची किंवा पुन्हा सुरू होण्याची सूचना दुसऱ्यालाही विनाकारण जाते.

यादीत यंत्राची ओळख दोन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार स्विचच्या खिडकीच्या क्रमांकाचा. यात तार एका खिडकीतून काढून दुसरीत लावली की हक्क बदलतो; साफसफाईच्या वेळी असे सहज घडते. दुसरा प्रकार यंत्रातील कार्डाच्या जागतिक नावाचा. हे नाव सोळा अक्षरांचे व अंकांचे असते आणि कारखान्यातच दिले जाते. तार कोठेही लावली तरी नाव तेच राहते, म्हणून ही पद्धत अधिक रुळली. परंतु कार्ड जळाले व नवे बसविले की नाव बदलते आणि यादी सुधारावी लागते. 16 ऑगस्ट 1982 रोजी त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. अशा वेळी जमीन जागच्या जागी राहते, पण कागदोपत्री जिल्ह्याचे नाव बदलावे लागते. यादीचेही तसेच आहे. नवे नाव लिहिले जाते, कारण त्यावाचून काम अडते. जुने नाव काढण्याचे मात्र राहून जाते. बनावट नाव धारण करणे तंत्रदृष्ट्या अशक्य नसल्यामुळे अशी मृत नावे म्हणजे उघडी दारेच होत.

या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कोणत्या तलाठ्याने कोणत्या सज्जाची नोंद उघडावी, हे क्षेत्रविभाजन ठरवीत नाही. ते काम प्रणालीतील परवान्याचे. क्षेत्रविभाजन यंत्रापुरते असते. शिवाय ते सर्व्हरला कपाटापर्यंत पोहोचविते. कपाटातील नेमका कोणता खण त्याला उघडावा, हे कपाटात वेगळे नोंदवावे लागते. ही दोन्ही बंधने एकमेकांची जागा घेत नाहीत. माहिती सांकेतिक लिपीत बदलण्याचे कामही क्षेत्रविभाजनाचे नव्हे.

बदल करण्याची रीत तर विशेष काळजीची आहे. एका जाळ्यात एका वेळी एकच यादी अमलात असते. जुनी प्रत चुकून अमलात आणली, तर तिच्यात नसलेल्या सर्व्हरांची वाट तत्क्षणी बंद होते आणि सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन' एवढेच ऐकू येते. म्हणून जाणती केंद्रे दोन स्वतंत्र जाळी ठेवतात. बदल प्रथम एकात करावयाचा, सर्व्हरला तबकडी नीट दिसते याची खात्री करावयाची आणि मगच दुसऱ्याला हात लावावयाचा.

केंद्राची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला तंत्रातील बारकावे ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. अमलात असलेल्या यादीची छापील प्रत मागवावी, तिच्यातील प्रत्येक नावापुढचे यंत्र खोलीत प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावे आणि शेवटचा बदल कोणी केला व कोणाच्या मंजुरीने केला, ते नोंदवहीत पाहावे.