नोटीस नगरपरिषदेची, दुरुस्तीचा पैसा कोणाचा?

प्रश्न : परंड्यात आमचं आजोबांच्या काळातलं माळवदाचं घर आहे. ते धोकादायक असल्याची नोटीस नगरपरिषदेने दिली आहे. दुरुस्त करा, नाहीतर उतरवा, म्हणतात. परदेशात अशा वेळी नगरपालिकाच कर्ज देते असं ऐकलं. आपल्याकडे मिळतं का? – एक वाचक, परंडा

उत्तर : नाही, नगरपरिषद असं कर्ज देत नाही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 195 नुसार ती मोडकळीस आलेलं घर दुरुस्त करायला किंवा पाडायला सांगू शकते. घरमालकाने ऐकलं नाही तर ते काम स्वतः करून खर्चही वसूल करू शकते. पण ज्याच्याकडे पैसाच नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

तुम्ही ऐकलंत तशी मदत परदेशात मिळते, मात्र ती नगरपालिकाच देते असं नाही. अमेरिकेत ग्रामीण भागातल्या अत्यल्प उत्पन्न गटातल्या घरमालकांना दुरुस्तीसाठी केंद्र सरकारचं कृषी खातं 1 टक्का व्याजाने 20 वर्षांच्या मुदतीचं कर्ज देतं. 62 किंवा त्याहून जास्त वयाच्या ज्यांना कर्ज फेडणं शक्य नाही, त्यांना घरातला धोका दूर करण्यापुरतं अनुदान मिळतं. आपल्याकडे मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त जुन्या चाळींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, पण त्याची हद्द मुंबईपुरतीच. पंतप्रधान आवास योजनेत अडीच लाखांपर्यंत मदत मिळते खरी, पण ती नवं पक्कं घर बांधण्यासाठी. जुनी भिंत सावरायला तिचा उपयोग नाही.

आणि जुन्या घराच्या दुरुस्तीला सरकारी मदत आपल्याच जिल्ह्यात एकदा मिळून गेलेली आहे, म्हणून हे जास्त खटकतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही तेव्हाच जमीनदोस्त झालं. माणसं बहुतेक घराखालीच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाच्या सपाट छतावरच्या पांढऱ्या मातीचं ओझं. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नसल्याने हादऱ्यासरशी ते सुटे झाले. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसन केलं. नव्या जागी वसवलेली गावं सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण त्याच कार्यक्रमात जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी सुमारे दोन लाख घरांना मदत मिळाली. कमी नुकसानीला 17,000, जास्तीला 34,000 रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. माळवदावरची माती कमी करणं, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवणं, कोपरे बांधून घेणं, खांब-तुळईच्या सांध्याला तिरका आधार देणं, ही त्यातली कामं. दगडाची धास्ती बसलेल्या अनेकांनी त्या पैशातून विटांची नवी खोली काढली, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गरिबाच्या घरदुरुस्तीला सरकारी पैसा देता येतो, हे त्या वेळी सिद्ध झालं.

आज तुमच्या हाती काय आहे? नेमका कोणता भाग धोकादायक आहे ते नगरपरिषदेकडून लेखी मागा. अनेकदा एक भिंत किंवा अर्धं छत उतरवून भागतं. मग मालमत्ता पत्रक काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. कर्जाचं घोडं बहुतेक इथेच अडतं. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. नुकसान झालेल्या घराच्या दुरुस्तीचं ठरावीक मर्यादेतलं कर्ज बँकांच्या प्राधान्य क्षेत्रात मोडतं, हे शाखेत स्पष्ट सांगा. घरातली बाई बचत गटात असेल तर गटाला मिळणाऱ्या बँक कर्जातूनही दुरुस्तीसाठी रक्कम घेता येते. मात्र काम होईपर्यंत पावसात त्या खोलीत कोणीही झोपू नका.

राहिला नगरपरिषदेचा प्रश्न. नोटीस देणाऱ्या संस्थेने बिनव्याजी दुरुस्ती निधीही ठेवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प ते वर्ष सुरू होण्याआधीच मंजूर होतो. तो मंजूर होण्याआधी, नोटिसा आलेल्या सगळ्या घरमालकांनी मिळून तशी लेखी मागणी करा.