खडा पित्तनळीत, दाब रक्तवाहिनीवर

शंका : माझ्या धाकट्या भावाकडे सिकलसेलचं लाल कार्ड आहे. त्याचे डोळे नेहमीच पिवळसर. या वेळी मात्र शौच मातीसारखं पांढुरकं झालं, लघवी काळ्या चहासारखी, आणि रात्रभर अंग खाजवत बसतो. सोनोग्राफीत पित्तनळीत खडा दिसला. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर यकृताचा रक्तप्रवाह बिघडेल. खडा पित्ताच्या वाटेत, मग रक्ताचा काय संबंध?
– एक भगिनी, कुरखेडा

समाधान : ताई, शौचाचा रंग तुम्ही पाहिलात, हे फार बरं केलंत. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसांतच फुटतात. त्यांतून सुटलेल्या पिवळ्या रंगद्रव्यानं डोळे पिवळे राहतात, त्याचेच पित्ताशयात काळे खडे होतात. पांढरं शौच मात्र वेगळंच सांगतं : पित्त आतड्यात पोचत नाही.

यकृतात मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं. त्यातला पाऊण हिस्सा आतड्यांकडून पोर्टल शिरेतून, उरलेलं धमनीतून. शीर, धमनी आणि पित्तनळी यांच्या बारीक फांद्या यकृतात एकाच वेष्टणातून जातात, लसीकावाहिन्याही तिथेच. नळी तुंबून फुगली की पातळ भिंतीची शीर आधी दबते आणि तिच्यातलं रक्त घटतं. धमनी रुंदावून काही भरपाई करते, पूर्ण नाही. त्यातून सिकलसेलचं रक्त. ते रेंगाळलं की पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात.

लसीकेचा प्रवाह उलट वाढतो. बांधीचं तोंड बुजलं की पाणी धुऱ्यातून पाझरून शेजारच्या बांधीत उतरतं, तसं तुंबलेलं पित्त लसीकावाहिन्यांत झिरपतं. तिथून छातीतल्या मोठ्या लसीकानळीनं चढून मानेच्या डाव्या तळाशी रक्तात मिसळतं. काही पित्त यकृतातल्या केशवाहिन्यांतही थेट शिरतं. मला खरी भीती याच वाटांची आहे. साचलेल्या पित्तात जंतू वाढले, तर तेही इथूनच रक्तात जातात. भावाला थंडी वाजून ताप आला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. रात्रीच 108 ला फोन करा.

अडथळा महिनोन्महिने राहिला, तर यकृतात व्रणासारखे घट्ट धागे पडतात, पोर्टल शिरेतला दाब चढतो, अन्ननलिकेच्या शिरा फुगून रक्ताची उलटी होऊ शकते. खडा वेळेत निघाला, तर प्रवाह बहुधा पूर्ववत होतो. एंडोस्कोपीनं तो काढण्याची सोय नागपूरला आहे. जाताना लाल कार्ड सोबत ठेवा, आणि त्याच्या शरीरातलं पाणी कमी पडू देऊ नका.

शंका : आमच्याकडे कडू दोडक्याचा रस नाकात टाकतात. पिवळं पाणी गळून कावीळ उतरते. खड्याच्या काविळीत चालेल?

समाधान : नाही. ते पाणी रसानं भाजलेल्या नाकाच्या त्वचेचं असतं, यकृतातलं नव्हे. विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, म्हणून रसाला यश मिळाल्यासारखं वाटतं. खडा त्यानं हलत नाही. पोटावर डाग तर मुळीच देऊ नये. पित्ताअभावी के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, आणि साधी जखमही वाहत राहते. खडा काढण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी करून, गरजेप्रमाणे त्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, ते याचसाठी.