काळी माती आणि कामावरचा तंत्रज्ञ

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुका कापसाच्या काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पिकाला मानवणारी ही माती बांधकामाला मात्र मानवत नाही. शाळेच्या भिंतीला तडे जातात, रस्ता खचतो, कालव्याचे अस्तर उखडते आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही.

यावरील उपाय ज्ञात आहे. फुगणारी माती आणि अस्तर यांच्यामध्ये, चिकटपणा असलेल्या परंतु न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसविल्यास फुगवट्याचा जोर आटोक्यात राहतो, असे मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी संशोधनाने दाखवून दिले. परंतु हा थर योग्य ओलाव्यावर दाबला गेला किंवा नाही, हे कचेरीत बसून कळत नाही. ते प्रत्यक्ष पाहतो तो कामावरील स्थापत्य तंत्रज्ञ.

पदविका अभ्यासक्रमात त्याला सिद्धान्त मिळतो. दृष्टी मिळते ती कामावर. काँक्रीटमध्ये पाणी जादा झाले की ताकद घटते, हे पुस्तकात एका वाक्यात संपते. स्वतः भरलेला १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्राखाली अपेक्षेआधीच फुटताना पाहिला, की ते वाक्य जन्मभर विसरत नाही.

ही गरज ओळखूनच शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारकांना आणण्यात आले. त्यानुसार पदविकाधारकास विद्यावेतनासह एक वर्षाचे प्रशिक्षण घेता येते.

कळंब परिसरात शिकण्याजोगी कामे आहेत. बेंबळा प्रकल्पाचा कालवा या तालुक्यातून जातो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. कालवा, भराव आणि पूल ही तंत्रज्ञाची खरी पाठ्यपुस्तके होत.

मात्र उमेदवाराला वर्षभर नकला काढण्यास बसविले, तर कायद्याचा हेतू विफल होतो. आखणी करणे, दुर्बिणीने पातळी घेणे, मातीचा ओलावा तपासणे आणि मोजमाप पुस्तिका लिहिणे, ही कामे त्याच्या हातून झाली पाहिजेत. अधिकाऱ्यांनी ती क्रमाने सोपवावीत. अध्यापकांनी कामावर जाऊन त्याची दैनंदिनी तपासावी. पंचायत सदस्यांनीही गावातील बांधकामावर चाचणी केव्हा झाली, हे अगत्याने विचारावे. प्रश्न विचारणारे गाव आणि उत्तर देऊ शकणारा तंत्रज्ञ असेल, तरच काळ्या मातीवरील बांधकाम टिकेल.