विम्याच्या रकान्यातील ‘लागू नाही’

१९९१ च्या श्रावणात आमच्या थोरल्या बंधूंच्या पायावरून एका राज्य परिवहन महामंडळाच्या बसचे चाक गेले, आणि आठवड्याभराने मी आगारात चौकशीस गेलो तेव्हा कारकुनाने दप्तरातून काढलेल्या तक्त्यात विम्याच्या रकान्यापुढे निळ्या शाईने ‘लागू नाही’ एवढेच लिहिलेले होते. विमाच नाही तर भरपाई कोण देणार, असे समजून मी परत फिरलो.

ही समजूत सर्वस्वी चुकीची होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ अन्वये शासनाला राज्य परिवहन उपक्रमास सक्तीच्या विम्यातून सूट देता येते खरी, परंतु त्रयस्थ इसमाच्या हानीची भरपाई करण्यासाठी त्या उपक्रमाने स्वतःचा निधी उभारून तो राखलाच पाहिजे, अशी अट त्याच कलमात घातलेली आहे. सूट हप्त्यापुरती, दायित्व मात्र कायम.

दुसरी चूक अधिक महाग पडली. कचेरीबाहेरच्या अर्जनविसाने सांगितले की सरकारविरुद्ध जायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस हवी. ती आम्ही दिली आणि उत्तराची वाट पाहत बसलो. वास्तविक १९५० च्या अधिनियमाने स्थापन झालेले परिवहन महामंडळ ही आपल्या नावाने दावा लावणारी आणि जिच्यावर दावा लावता येतो अशी स्वतंत्र विधिव्यक्ती आहे, सरकार नव्हे. आंध्र प्रदेशच्या अशाच महामंडळाने राज्याची करमाफी मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली त्याचे उत्पन्न हे राज्याचे उत्पन्न नव्हे, असाच निवाडा दिला होता. आमच्या अपघाताच्या वेळी दाव्याची मुदत सहा महिन्यांची आणि सबळ कारण असल्यास फार तर बारा महिन्यांची होती. आम्ही न्यायाधिकरणात पोहोचलो ते अकराव्या महिन्यात, आणि कुबड्यांवर भार टाकून पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बंधूंकडे पाहताना मला स्वतःच्या अज्ञानाची शरम वाटली. विलंब माफ झाला, हे आमचे सुदैव.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी फिर्याद, पंचनामा आणि जखमेचा दाखला यांच्या नकला त्वरित मिळवून, महामंडळ व चालक या दोघांनाही प्रतिवादी करून, थेट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे. १९९४ मध्ये वगळलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात पुन्हा दाखल झाली आहे. औषधपाण्यासाठी आगाराकडून तातडीची रक्कम मिळाली तर ती अवश्य घ्यावी, मात्र पावती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. आमच्या पावतीवर ‘संपूर्ण भरपाई पोचली’ असे छापलेले होते. बंधूंनी रुग्णालयातील खाटेवर पडल्यापडल्या ते शब्द कारकुनाकडून खोडवून घेतले आणि मगच अंगठ्याशेजारी सही केली.