गाव करी ते राव न करी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांना स्पर्श करून पुढे जाते. वाटेत कितीतरी ओढे तिला येऊन मिळतात. एकेका ओढ्याचे पाणी ते किती! परंतु त्या सर्वांच्या पाण्यानेच नदीचे पात्र विस्तारते. कृष्णाकाठच्या गावांनी आपले मल्लही असेच मोठे केले.

या भागात तालमीची परंपरा जुनी आहे. तालीम गावाची असते. तेथील तांबड्या मातीत कोणी तेल आणून घालतो, कोणी ताक, तर कोणी हळद. जत्रेतील कुस्त्यांच्या इनामासाठी घरोघर वर्गणी गोळा होते. लहान मुले रेवड्यांवर कुस्ती धरतात आणि वस्ताद त्यांच्यातूनच उद्याचा मल्ल हेरतात. लंगोट लावून मातीत उतरल्यावर श्रीमंताचा मुलगा कोणता आणि गरिबाचा कोणता, हे ओळखू येत नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. घरच्याच मातीत खाशाबांनी पहिले डाव शिकले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेस गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीची फारशी सवय नव्हती. तरीही त्यांनी सहावे स्थान मिळवले.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी गाव पुढे सरसावले. गोळेश्वरच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपल्या या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिष्य हरला असता, तर त्या घराचे काय झाले असते? हा विचार गुरूच्या मनात आला असेलच. परंतु त्याने त्यांचा हात अडला नाही.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. ते परत आले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबा मात्र त्या गौरवाने आपले ऋण विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्या खेळून पैसे मिळवले आणि गुरूंचे घर सोडवून दिले.

या परंपरेत एक उणीव होती. तालमीचे दार मुलींसाठी फार काळ बंदच राहिले. गावातील निम्मी मुले ज्या मैदानाच्या बाहेर उभी आहेत, ते मैदान सगळ्या गावाचे कसे म्हणावे? ही उणीव हळूहळू भरून निघू लागली आहे. माण तालुक्यातील दुष्काळी मोही गावच्या शेतकरी कुटुंबातील ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत असे. पुढे ती धावपटू झाली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत जाऊन दहावी आली. शाळेच्या मैदानाचे दार तिला बंद असते, तर तिच्या पायांतील हा वेग कोणाला कळला असता?

आखाड्यात दोनच मल्ल झुंजताना दिसतात. परंतु ज्याने ताक आणून घातले, ज्याने वर्गणी दिली, ज्याने घर गहाण ठेवले, त्या सर्वांचे बळ मल्लाच्या पाठीशी असते. म्हणूनच जुने लोक म्हणत, ‘गाव करी ते राव न करी.’

स्वाध्याय

१. कृष्णा नदीचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
२. प्राचार्य खर्डेकर व खाशाबा यांच्या वागण्यातून कोणते गुण दिसतात?
३. तुमच्या गावातील मैदानावर कोण खेळते व कोण खेळत नाही, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.