दारावरची हाक : इस्ट्रोजेन शरीरात काम कसं करतं?

मैत्रिणींनो, "पिशवी काढली की कटकट मिटली" हे वाक्य आपल्या भागात किती सहज बोललं जातं! २०१९ मध्ये शासनाच्या समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. आपल्या जालना जिल्ह्यातूनही कितीतरी जोड्या दरवर्षी तोडीला जातात. म्हणून या पाठात पिशवीच्या शेजारी बसणाऱ्या अंडाशयाची आणि त्यातून निघणाऱ्या इस्ट्रोजेनची माहिती घेऊ.

इस्ट्रोजेन म्हणजे काय?

गर्भाशय म्हणजे आपली पिशवी. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. पाळी सुरू झाल्यापासून ती जायच्या वयापर्यंत मुख्यतः तिथेच इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं आणि रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. पण ते काम करतं फक्त त्याच पेशीत, जिथे त्याला ओळखणारं ग्राही असतं. ग्राही म्हणजे कुलूप आणि इस्ट्रोजेन म्हणजे त्याची किल्ली, असं समजा. ही कुलुपं पिशवीत आणि स्तनांत तर असतातच, शिवाय हाडांत, रक्तवाहिन्यांत आणि मेंदूतही असतात.

दोन वाटा

आपल्या गटात कामं दोन तऱ्हेने होतात. एक, मासिक बैठकीत ठराव होतो, वहीत लिहिला जातो, बँकेत जातो, मग कर्ज मिळतं. दुसरी, रात्री कुणी दार वाजवतं, "बाळंतीण अडली आहे, गाडी पाहिजे." तेव्हा वही उघडत कुणी बसत नाही, जी ती उठते. इस्ट्रोजेनचंही असंच आहे, बरं का.

पहिली वाट वहीची. इस्ट्रोजेन स्निग्ध पदार्थासारखं असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आत शिरतं. आतल्या ग्राहीला चिकटतं. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात, जिथे आपल्या गुणसूत्रांची वही असते, तिथे जाऊन ठरावीक पान उघडते. त्याप्रमाणे नवीन प्रथिनं बनतात. याला काही तास, कधी काही दिवस लागतात. महिन्याच्या महिन्याला पिशवीचं अस्तर जाड होतं ते या वाटेने. हे ग्राही १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शिकागोच्या एल्वूड जेन्सन यांच्या कामातून पुढे आलं.

दुसरी वाट दारावरच्या हाकेची. १९६७ मध्ये क्लारा सेगो या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना इस्ट्रोजेन दिलं, तर अवघ्या १५ सेकंदांत पिशवीच्या पेशींमधला एक निरोप्या रेणू वाढलेला दिसला. इतक्या लवकर वही उघडून काम होणं शक्यच नव्हतं. १९७७ मध्ये त्यांनी दाखवलं की पेशीच्या बाहेरच्या आवरणावरही इस्ट्रोजेनला धरणाऱ्या जागा आहेत. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की जीपीआर-३० नावाचं, पेशीच्या पटलात बसणारं ग्राही इस्ट्रोजेनला धरतं. आज त्याला जीपीईआर म्हणतात. शिवाय आतलं नेहमीचं ग्राहीसुद्धा थोड्या संख्येने आवरणाला चिकटून बसतं आणि तिथून हाक देतं.

या हाकेने काय होतं? रक्तवाहिनीच्या आतल्या पेशीला इस्ट्रोजेनची हाक आली की ती थोड्याच मिनिटांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते. त्याने रक्तवाहिनी सैल होते, रक्त नीट वाहतं. पाळी चालू असण्याच्या वयात बायकांच्या हृदयाला जे संरक्षण मिळतं, त्यात याचाही वाटा आहे.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर इस्ट्रोजेन बनत राहतं. तरी अंडाशयांचं काम थोडं लवकर थांबण्याची शक्यता वाढते. पण पाळी जायच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं काढली, तर काही दिवसांतच इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. वहीही बंद आणि दारावरची हाकही बंद. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला हे परवडणारं नाही.

कधी ऑपरेशन खरंच लागतं. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्तस्राव थांबत नसेल, तर टाळू नये. पण अंगावरून पांढरं जाणं किंवा पोटात दुखणं यावर बहुतेक वेळा औषधोपचार असतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितल्या. म्हणून विचारणं हा आपला हक्क आहे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. मला नेमका आजार काय आहे? सोनोग्राफीत काय दिसलं?
२. औषधाने बरं होईल का? किती दिवस घेऊन बघायचं?
३. फक्त पिशवी काढणार की अंडाशयंही? काढणार असाल तर का?
४. अंडाशयं काढली तर पुढे हाडांसाठी आणि हृदयासाठी काय करायचं?

उत्तरं पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आपल्याकडे जुन्या जालन्यात गांधी चमनला सरकारी स्त्री रुग्णालय आहे, तिथे दाखवता येतं. सोबत गटातली एक मैत्रीण न्या. ऑपरेशन झालेलं असेल तर सगळे कागद जपून ठेवा. आणि मनाने इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नका, काही प्रकारचे स्तनांचे कॅन्सर त्याने वाढतात.

पुढच्या बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचा. ज्या सख्यांची पिशवी काढलेली आहे, त्यांना विचारा : अंडाशयं ठेवली की काढली, हे तुम्हाला सांगितलं होतं का? माहीत नसेल तर कागद काढा आणि आशाताईंकडून वाचून घ्या.